गळका रेडिएटर आणि सोलापूरचं पाणी

गाडीखाली ओल दिसली म्हणून लगेच नवा रेडिएटर आणायला निघू नका. मोटरहोमखाली, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीखाली, पाणी ठिबकायच्या चार तरी वाटा असतात: पिण्याच्या टाकीचा जोड, बेसिनच्या सांडपाण्याची टाकी, एसीचा ड्रेन आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट. पहिल्या तिन्हींचा रेडिएटरशी काही संबंध नाही.

ओल बोटाला लावून चोळा. एसीचं पाणी नितळ असतं आणि बोटाला नुसतं पाणीच लागतं. बेसिनच्या पाण्याला भांड्याच्या साबणाचा वास येतो. कूलंट रंगीत असतं, बोटांमध्ये बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. चव मात्र घ्यायची नाही, गंमत म्हणूनही नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड लागतं म्हणूनच कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ओल कूलंटची निघाली तर ती आधी फडक्याने पुसून घ्या, मग पुढचं वाचा.

मी सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात डाइंग खात्याला मेंटेनन्स फिटर होतो. बॉयलर, सॉफ्टनर, पंप, स्टीम लाइन यांतच सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या, दोन बाकं-कम-पलंग, छोटा ओटा, शंभर लिटरची टाकी आणि टपावर सोलर पॅनल बसवलं. (असा बदल करणाऱ्यांनी आरटीओची परवानगी घेऊन तो आरसीवर चढवून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि अपघातानंतर विमावाले पहिल्यांदा तेच बघतात.) रेडिएटर उतरवून दुसरा चढवणं हे पाने हाताळता येणाऱ्या माणसाचं दिवसभराचं काम आहे, त्यात जादू नाही. पण गळती नेमकी कुठं आहे आणि का झाली हे न शोधता बदललेला रेडिएटर पुन्हा गळतो. सोलापुरात या ‘का’चं उत्तर बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यात सापडतं.

झाकणाला हात लावण्याआधी

रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब, बारमध्ये. ०.९ च्या कॅपखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप काढली की दाब जातो, आणि सोलापूरच्या उंचीवर तेच पाणी शंभराच्याही जरा खालीच उकळायला लागतं. म्हणजे आत ११० अंशांचं पाणी असताना कॅप फिरवली तर त्यातल्या काही पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते आणि उरलेलं पाणी तोंडावर येतं. बॉयलरवर काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. गाडीवाल्यांना मात्र दर उन्हाळ्यात सांगावं लागतं. ओलं फडकं टाकून हळूच उघडतो, असं म्हणणारे बहाद्दर मी पाहिलेत, आणि त्यांचे भाजलेले दंडही पाहिलेत.

इंजिन बंद करून निदान दोन तास जाऊ द्या. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर त्याहून जास्त. वरचा होज पाइप दाबून बघा. गार आणि मऊ लागला तरच कॅपला हात. सगळ्यात बरं म्हणजे रात्री गाडी लावा आणि पहाटे गारव्यात काम सुरू करा. आमच्याकडे अकरानंतर गाडीखाली झोपून काम करण्यात अर्थ नसतो.

साध्या गाडीपेक्षा मोटरहोममध्ये दोन-तीन गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतात. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके, कारण भरलेली टाकी, कपाटं, बॅटऱ्या धरून गाडी जड असते आणि एकट्या हँडब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही. तिसरी गोष्ट बॅटरीची. इंजिनच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली म्हणजे करंट गेला असं धरू नका. घरच्या बॅटरीचा चार्जर किंवा सोलरचा कंट्रोलर दुसऱ्या बाजूनं करंट देऊ शकतो. गाडीला इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो हात आत असताना अचानक फिरायला लागेल. दोन्ही बॅटऱ्या सोडवा, सोलरचा फ्यूज काढा आणि मगच पुढं.

गळती कुठं आहे

रात्री गाडीखाली जुने पेपर पसरून ठेवा, जाळीच्या पुढपासून गिअरबॉक्सपर्यंत. सकाळी डाग कुठल्या कोपऱ्यात पडलाय ते बघा. चालू गाडीत वारा थेंब मागं ढकलतो, त्यामुळं ओल्या जागेवर विश्वास ठेवू नये. रात्रीचा डाग खरा.

मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. गळती वाळली की कूलंटच्या रंगाची किंवा पांढरट पापुद्र्याची रेघ मागं ठेवते. होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाकीचा सांधा, खालचा ड्रेन कॉक या जागा आधी. नंतर वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप. तिच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून येतं आणि वाऱ्यानं उडून रेडिएटरच्या मागच्या अंगाला बसतं. मग रेडिएटर गळतोय असं वाटून लोक तोच बदलून मोकळे होतात. त्या भोकाखाली रेघ दिसली तर बदलायची आहे वॉटर बॉडी.

केबिनमधली चटई ओली, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास असेल तर हीटरचा छोटा कोर गेलाय. मागं पाहुण्यांसाठी वेगळा हीटर असलेल्या गाड्यांमध्ये बॉडीखालून लांब पाइप जातात. त्यांचे जोड मागच्या चाकाच्या चिखलात असतात आणि कुणी बघत नाही.

कुठंच ओल नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर ते इंजिन पितंय. डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं झालंय का बघा. सायलेन्सरमधून गरम इंजिनावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येतोय का बघा. थंड इंजिन चालू करून उघड्या कॅपमध्ये सतत बुडबुडे येतायत का तेही बघा. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं. बीएस-४ आणि बीएस-६ डिझेल गाड्यांत ईजीआरचा (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) कूलर आतून फुटला तरी यातली काही लक्षणं दिसतात, आणि त्यात हेड उघडायची गरज नसते. म्हणून कुणी हेड काढायला सांगितलं तर आधी ईजीआर कूलर तपासून घ्या म्हणावं.

यातलं काहीच नक्की होत नसेल तर प्रेशर टेस्ट. कॅपच्या जागी बसणारा हातपंप असतो, रेडिएटरवाल्यांकडे मिळतो. इंजिन गार असताना कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा. ०.९ च्या कॅपला दीड बार देऊन ‘मजबुती’ बघायची नाही, चांगला सांधाही फुटेल. पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. हलला तर कान लावा. बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि थेंबही दिसतो. त्याच पंपावर कॅपही तपासून घ्या. नवा रेडिएटर आणि खाली गेलेली जुनी कॅप ही जोडी मी बऱ्याच गाड्यांवर पाहिली. स्प्रिंग मेलेली कॅप दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर जातं. गळती कुठंच नसते आणि पाणी रोज घालावं लागतं.

रस्त्यात अडकलात तर

तुळजापूरचा घाट चढताना काटा लाल पट्ट्याकडं सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. बाहेर चाळीस डिग्री असताना हीटर लावायला जिवावर येतं, पण तो छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता बाहेर काढतो. जागा मिळताच थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेड तडकतं.

हळदीचा उपाय ट्रकवाले करतात आणि तो चालतो. गार इंजिनात दोन-तीन चमचे हळद पाण्यात कालवून घालायची. बारीक चिरेत ती अडकते, फुगते आणि गळती कमी करते. बाजारात मिळणाऱ्या स्टॉप-लीकच्या बाटल्याही तेच काम जास्त पैशांत करतात. दोन्हींची अडचण एकच: त्यांना चीर आणि नळी यांतला फरक कळत नाही. हीटरच्या कोरच्या आणि अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरच्या चपट्या नळ्या त्यानं बुजतात. नळदुर्गहून घरी पोचायला हळद ठीक आहे. पोचलात की सगळं पाणी काढून सिस्टीम धुवा. हळद घालून वर्षभर फिरणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाड्या पुढच्या मे महिन्यात मोहोळच्या आसपास बॉनेट उघडून उभ्या असतात.

प्लास्टिक टाकीला बाहेरून चीर असेल तर एम-सील. जागा कोरडी, पेट्रोलनं पुसलेली आणि पॉलिशपेपरनं खरडलेली हवी, नाहीतर ते पोपडा होऊन निघतं. तासाभरात घट्ट होतं, पण मी रात्रभर सोडा म्हणेन. मग गार इंजिनावर कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून ठेवायची, म्हणजे आत दाब चढत नाही आणि गळती कमी होते. दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार, तेव्हा वेग ४०-५० आणि डोळा काट्यावर.

झाळायचा की बदलायचा

आधी आपला रेडिएटर कुठल्या जातीचा ते बघा. जुन्या गाड्यांना तांब्याची जाळी आणि पितळी टाक्या असतात, नव्यांना अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, ज्या कडेनं पत्र्याचे दात वळवून दाबून बसवलेल्या असतात.

तांब्या-पितळेचा असेल तर टाकू नका. चांगला रेडिएटरवाला तो पुन्हा उभा करतो. माझ्या ओळखीचे चाचा आधी तोंडं रबरी बुचांनी बंद करतात, एका नळीनं हवा भरतात आणि अख्खा रेडिएटर हौदात बुडवतात. बुडबुड्यांची माळ जिथून निघते तिथं खिळ्यानं ओरखडा. मग वरची टाकी उचकटतात आणि प्रत्येक नळीत चपटी सळई घालून वरून खाली मारतात. माझ्या वेळी खाली गोणपाट अंथरलं होतं. त्यावर पांढऱ्या खपल्यांचा जो ढीग पडला तो ओंजळीत मावला नसता. चाचांनी मान वर न करता विचारलं, “बोअरचं पाणी वतलालाव का काका?” मी उत्तर न देता टपरीवरून अर्धं लिंबू आणलं आणि एका खपलीवर पिळलं. फस्स करून फेस आला. कॅल्शियम कार्बोनेट. हाच क्षार मी आयुष्यभर बॉयलरच्या नळ्यांतून खरवडला होता. ही गाडी घेऊन थोडेच दिवस झाले होते, आधीच्या मालकाची ती कमाई होती.

झाळताना बघण्यासारखी गोष्ट म्हणजे सफाई. तांबं उघडं, चकचकीत दिसेपर्यंत खरडलं, त्याला नवसागर किंवा फ्लक्स लावला, तरच कथील नीट पसरतं. हिरव्या गंजावर टाकलेला डाग गोळा होऊन बसतो आणि दोन महिन्यांत सुटतो. तुमच्यासमोर काम करायला सांगा, चांगला कारागीर हरकत घेत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं गणित वेगळं. वरच्या प्लास्टिक टाकीला चीर असेल किंवा सांध्यातलं रबर गेलं असेल, आणि जाळी धड असेल, तर टाकी आणि रबर बदलून मिळतं. जाळीच्या नळीला भोक असेल तर नवाच घ्या. बाहेरून लावलेला कुठलाही लगदा तिथं टिकत नाही, कारण ती नळी तापते, फुगते, आक्रसते. आणि फिना (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) बोटाने दाबून बघा: चुरा होऊन हातात आल्या तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

नवा घेताना जुना बरोबर घेऊन दुकानात जा. गाडीचं नाव-साल सांगून घेतलेला निम्म्या वेळा बसत नाही, कारण एकाच मॉडेलला एसी आणि बिनएसीचे वेगळे रेडिएटर असतात. जाळीची उंची, रुंदी आणि मुख्य म्हणजे जाडी मोजा. होजच्या तोंडांचा व्यास आणि दिशा, खालचे पाय, कॅपचा आकडा जुळवा. पातळ जाळीचा स्वस्त मिळतो, तो भरलेल्या मोटरहोमला घाटात पुरत नाही. सामान, पाणी, बॅटऱ्या धरून ही गाडी कायम पूर्ण लोडवर चालते हे दुकानदाराला सांगा.

काढणं

हे लिहायला लांब आणि करायला सोपं आहे, म्हणून भरभर सांगतो. खाली स्वच्छ टब ठेवा, कॅप काढा, ड्रेन कॉक उघडा. कॉक प्लास्टिकचा आणि जुना असेल तर जोर करू नका, त्याऐवजी खालचा होज सोडवा. किती लिटर निघालं ते मोजून ठेवा, भरताना हाच आकडा कामाला येतो. पुढची जाळी आणि पंख्याचं कव्हर काढा. दर पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः क्लिपांची तोंडं कुठल्या बाजूला होती त्याचा.

होज चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लास्टिकचं नरसाळं (होज ज्यावर चढतो ते टाकीचं तोंड) तुटतं आणि धड टाकी जाते. ब्लेडनं होज लांबीत चिरा आणि नवा घ्या. होज स्वस्त आहे. बेल्टवर चालणारा व्हिस्कस पंखा असेल तर त्याच्या नटाची आटी आधी बघा, काही इंजिनांवर ती उलटी असते. काढलेला पंखा आडवा ठेवू नका, गाडीवर असतो तसा उभाच ठेवा.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो. त्याचे बोल्ट सोडवा आणि दोरीनं बाजूला टांगा, पण गॅसचा पाइप सोडवायचा नाही. टर्बो गाड्यांत इंटरकूलरचे पाइपही वाटेत येतात. ते काढले तर तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, एक नट आत पडला तर टर्बोची वाट लागते. शेवटी खालचे-वरचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. खालचे रबरी बुश तिथंच राहतात, ते चेपलेले असतील तर बदला. बुश मेला की इंजिनाचा सगळा हादरा टाकीच्या सांध्यावर येतो.

रेडिएटर निघाल्यावर कंडेन्सरची मागची बाजू दिसते, आणि आमच्या भागातल्या गाड्यांची ती बाजू बघण्यासारखी असते. मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या मळण्या सुरू असताना फिरलेल्या गाडीत भुसा, ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचे तुकडे, आणि एमआयडीसीत उभ्या राहणाऱ्या गाडीत टॉवेलची रुई. रुई सगळ्यात वाईट, ती धुळीबरोबर नमदा होऊन बसते. इंजिनच्या बाजूनं पुढं असं हलक्या पाण्यानं धुवा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा जवळून मारला तर फिना झोपतात आणि वारा कायमचा बंद. गाडी तापते पण गळत नाही, अशा कितीतरी गाड्यांना नव्या रेडिएटरची गरज नसते, ही धुलाई पुरते.

पाण्याची गोष्ट

आता मुद्द्याचं. सोलापूरला नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गाडी धुवायला आणि रेडिएटरमध्ये ओतायलाही बोअरचंच पाणी. ते कडक असतं. तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार सर्वांत गरम पत्र्यावर बसतो, म्हणजे हेडच्या आत, सिलिंडरभोवती. तिथं क्षाराचा थर उष्णता अडवतो. कूलंटचा काटा नॉर्मल दाखवतो आणि हेड आतून तापत असतं.

काहीजण विचारतात, सोसायटीत सॉफ्टनर आहे, ते पाणी चालेल का? नाही चालणार. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. क्षाराचा थर बसत नाही, पण विरघळलेले मीठ तेवढंच राहतं आणि क्लोराइडही जिथल्या तिथं. बॉयलरला आम्ही ते चालवायचो, कारण तिथं ब्लोडाउन करून गढूळ पाणी रोज बाहेर काढत होतो. रेडिएटरला ब्लोडाउन नसतं, आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं. आरओचं पाणी अडीनडीला ठीक. खरं पाणी म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं), बॅटरीत घालायला मिळतं ते. कूलंट तयार मिसळलेलं मिळालं तर तेच घ्या, प्रश्नच मिटला.

‘सोलापुरात काय बर्फ पडतो का, अँटिफ्रीझ कशाला?’ हा प्रश्न गॅरेजवालेही विचारतात. बर्फासाठी नाहीच. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी असं मिश्रण कॅपशिवायही १०७-१०८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, कथील या सगळ्यांना सांभाळतात. ती द्रव्यं संपतात, म्हणून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत कूलंट बदलायचं. रंगावर जाऊ नका. हिरवं-हिरवं एकच असतं असं नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग घालते. कुठलं आधी होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, एकाच प्रकारचं भरा.

क्षार काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड घालणारे लोक आहेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते घातलंत तर संध्याकाळपर्यंत नवा रेडिएटर शोधावा लागेल.

पाण्याशिवाय गळतीचं आणखी एक कारण आहे, आणि ते मोटरहोमवाल्यांचं खास आहे: अर्थिंग. इन्व्हर्टर, फ्रिज, पाण्याचा पंप, पंखे, दिवे जोडताना इलेक्ट्रिशियन जवळ सापडेल त्या बोल्टला निगेटिव्ह बांधतो. चेसिसचा जोड गंजला की करंट परतायला दुसरी वाट शोधतो, आणि कधीकधी ती वाट कूलंटमधून जाते. मग रेडिएटर आतून खाल्ला जातो, भोकं सुईच्या टोकाएवढी आणि बरीच. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन उघड्या कॅपमधून कूलंटमध्ये, धातूला न लागता. इंजिन गारच हवं. आधी सगळं बंद ठेवून वाचा, मग फ्रिज, पंप, इन्व्हर्टर एकेक चालू करा. ०.३ व्होल्टच्या वर काटा गेला तर त्या वेळी चालू केलेल्या वस्तूची अर्थिंग चोर आहे. तिची निगेटिव्ह वायर सरळ बॅटरीपर्यंत न्या, इंजिन ते चेसिसची पट्टी घासून घट्ट करा. हे न करता बसवलेला नवा रेडिएटर आधीच्याच वाटेनं जाईल.

बसवणं, भरणं, हवा काढणं

नवा चढवण्याआधी इंजिन धुवा. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून वरच्या होजमधून स्वच्छ पाणी सोडा, खालून नितळ येईपर्यंत. धुवायला नळाचं पाणी चालेल, पण शेवटची फेरी डीएम पाण्याचीच करा. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासा. अंगावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा. त्यासाठी स्वैपाकघरातलं पातेलं घेऊ नका, आमच्याकडे त्यावरून बरंच ऐकावं लागलं.

गरम मुलखात थर्मोस्टॅट नकोच, काढून टाका, हा सल्ला तुम्हाला शंभर टक्के मिळेल. ऐकू नका. त्यानं डिझेल इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट तापल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला की निम्मं पाणी रेडिएटरकडं जातच नाही, आणि गाडी उलट जास्त तापते.

रेडिएटर बुशवर बसवा, बोल्ट हातानं लावून मग पान्यानं, प्लास्टिक टाकीला ताण न देता. होज नरसाळ्यावर पूर्ण चढवा, क्लिप कडेला नाही तर उंचवट्याच्या आत. पंखा हातानं फिरवून बघा, कव्हरला घासता कामा नये. बॅटऱ्या शेवटी जोडा.

भरताना गाडीचं तोंड जरा चढावर ठेवा. हीटर गरमवर ठेवा, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. अगदी हळू ओता, मधूनमधून वरचा होज दाबत राहा, भुडभुड करत हवा निघते. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून सलग पाणी येईपर्यंत उघडा ठेवा. मागं हीटर असलेल्या गाड्यांना वेळ लागतो, लांब पाइपात हवेचा फुगा अडकून बसतो. मग कॅप उघडी ठेवूनच इंजिन आयडलला चालू करा. पातळी एकदम खाली जाते तेव्हा थर्मोस्टॅट उघडला असं समजा, लगेच भरा आणि कॅप लावा. मोजून ठेवलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन लिटर कमी गेलं असेल तर आत अजून हवा आहे. हीटरमधून गार वारा येत असेल तरीही तेच.

गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा, क्लिपा पुन्हा आवळा. मग टाकी भरून, सामानासकट, तुळजापूर रस्त्यानं घाट चढून या. ४५ किलोमीटर जायचं आणि शेवटी चढ, यापेक्षा चांगली चाचणी जवळ नाही. देवीचं दर्शनही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर बाटलीतली पातळी बघा आणि खाली पेपर पसरा. कोरडा निघाला तर लांबच्या प्रवासाला निघा. गाडीत पाच लिटर तयार कूलंट, दोन-तीन मापांच्या क्लिपा आणि एक जादा बेल्ट ठेवा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर भंगारवाल्याला तो आधी दाखवा आणि तांब्या-पितळेचा भाव वेगळा ठरवून घ्या. सगळं ‘मिक्स’ म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या भावात उचलायची त्यांची खोड असते.